स्पेलिंग चुकलं तर चुकू दे

लोकांचे इंग्रजी प्रबंध आणि शोधनिबंध तपासून देणं हे माझं काम. त्यामुळे 'हमखास गोंधळ होणारे शब्द' अशी एखादी यादी दर महिन्याला कुणीतरी मला फॉरवर्ड करतंच. अफेक्ट आणि इफेक्ट. प्रिन्सिपल आणि दुसरं प्रिन्सिपल (देवनागरीत लिहिलं की हे भांडणच मिटतं). कॉम्प्लिमेंटची दोन स्पेलिंगं. कानाला जे सारखं लागतं ते यादीत. माझं मत विचाराल तर या याद्यांनी भलत्याच चुकांना डोक्यावर बसवलंय.

'महिला दीनाच्या शुभेच्छा' असा फलक लागला तर आपण हसतो आणि पुढे जातो. म्हणायचं काय होतं ते सगळ्यांना कळलेलं असतं. प्रिन्सिपलचं तसंच. लाज वाटते, नुकसान काही होत नाही.

शिवाय पाठ केलेले नियम गळके असतात, हे मी स्वतःची फजिती करून शिकले. 'अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम' हे मला तोंडपाठ. मानसोपचाराच्या एका प्रबंधात 'फ्लॅट ॲफेक्ट' दिसलं आणि मी मोठ्या उत्साहात सगळीकडे 'इफेक्ट' करून टाकलं. त्या शास्त्रात ॲफेक्ट हे नाम आहे, उच्चारही वेगळा, जोर पहिल्या अक्षरावर. रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि आवाजात दिसणारी भावना म्हणजे ॲफेक्ट. ती जवळजवळ दिसेनाशी झाली की 'फ्लॅट'. लिहिणाऱ्या बाईंनी न चिडता कळवलं, हा त्यांचा मोठेपणा. इफेक्टही क्रियापद होतं बरं का: 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं.

खरा धोका असतो तो स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, आणि निष्कर्ष मात्र खोटा, अशा वाक्यांत. परवा एका मुलाच्या प्रबंधात वाचलं की अमुक आजाराचा 'इन्सिडन्स' वाढतोय. मी विचारलं, "नवे रुग्ण मोजलेस की असलेले सगळे?" तो म्हणाला, "मॅडम, प्रमाण मोजलं."

इथेच मराठी आपल्याला दगा देते. इन्सिडन्सही प्रमाण, प्रिव्हॅलन्सही प्रमाण. पण इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने किती जण आजारी पडले, आणि प्रिव्हॅलन्स म्हणजे एखाद्या वेळी एकूण किती जणांना तो आजार आहे. समजा, एका वस्तीत दरवर्षी १० जणांना आजार होतो आणि माणूस सरासरी २ वर्षं जगतो. म्हणजे कधीही मोजा, साधारण २० रुग्ण सापडतील. आता चांगलं औषध आलं, रुग्ण १० वर्षं जगायला लागले. नवे रुग्ण तेवढेच, पण काही वर्षांनी मोजाल तेव्हा १०० च्या आसपास. आजार पसरला नाही, माणसं वाचली. त्या १०० ला चुकून इन्सिडन्स म्हटलंत तर औषधाचं यश साथ म्हणून छापून येईल. आणि कुठलाही स्पेलचेक त्याखाली लाल रेघ मारणार नाही.

'सिग्निफिकंट'चा तर मला रागच आहे. रोजच्या इंग्रजीत हा शब्द 'महत्त्वाचा', संख्याशास्त्रात त्याचा अर्थ निराळा: परिणाम काहीच नसता तर असे आकडे निव्वळ योगायोगाने क्वचितच आले असते, एवढंच. योगायोगाने असे आकडे येण्याची ती शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात तिच्यासाठी ०.०५ (शंभरात पाच) ही सीमा सोयीची म्हणून घेतली, आणि आपण तिची लक्ष्मणरेषा केली. हजारो लोकांवर प्रयोग केला तर रक्तदाब १ मिलिमीटरने उतरला तरी तो फरक 'सिग्निफिकंट' ठरू शकतो. रुग्णाला त्याचा काय उपयोग? पी-व्हॅल्यूवरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये निवेदन काढून सांगावं लागलं. तरी चर्चेच्या प्रकरणात पोचेपर्यंत 'सिग्निफिकंट'चं 'फार मोठं' झालेलं असतंच.

टक्क्यांचंही तेच. ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे वाढ २ पर्सेंटेज पॉइंटची, किंवा ५० टक्क्यांची. '२ टक्के वाढ' मात्र नाही.

त्या मुलाला मी त्याच्या मूळ नोंदींतून प्रत्येक वर्षाचे फक्त नवे रुग्ण वेगळे काढायला सांगितले. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. शब्दच तर बदलायचाय, असा चेहरा. रात्री अकराला फोन.

"मॅडम, नवे रुग्ण तर दरवर्षी कमी होतायत."

"बरं मग?"

"मी अख्खं चर्चेचं प्रकरण ते का वाढतायत यावर लिहिलंय."

प्रबंध जमा करायला नऊ दिवस उरले होते.