बीपीचा पट्टा दंडाला बांधून हार्ट अटॅक आवरत नाही हो!

आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड वाचून डोकंच फिरलं. आतोबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी उघडायचा उपचार, झालीय, त्यामुळे असलं काही आलं की ती जपून ठेवते. मेसेज थोडक्यात असा: छातीत दुखायला लागलं की बीपी मशीनचा पट्टा दंडाला बांधा, पाच मिनिटं फुगवा, पाच मिनिटं सोडा, असं चारदा करा, हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या वाचतात, मग अँजिओप्लास्टीची घाई नाही, युरोपात सिद्ध झालंय, पण डॉक्टरांना स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) खपवायचे असतात म्हणून ते सांगत नाहीत.

"घाई नाही" हे लिहिणाऱ्याला खरंच काही वाटलं नाही का? चारदा दहा मिनिटं म्हणजे ४० मिनिटं झाली की! तेवढा वेळ हृदयाची मुख्य नळी बंदच, हृदयाचा स्नायू मरतोय, आणि आपण घरी घड्याळ लावून पट्टा फुगवत बसायचं? बरं, घरातलं ऑटोमॅटिक मशीन रीडिंग घेतलं की आपोआप हवा सोडतं, ते तेवढ्या प्रेशरला पाच मिनिटं थांबतच नाही, म्हणजे ज्याच्या जोरावर एवढं सांगताय तेही घरी होत नाही.

आता "सिद्ध झालंय". बरं बाबा, थोडं खरं आहे. २०१० मध्ये डेन्मार्कमधल्या ३३३ पेशंटचा अभ्यास 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात आला, त्यात पट्ट्याने स्कॅनवर जास्त स्नायू वाचलेला दिसला होता. पण पट्टा कुठे बांधला? अँब्युलन्समध्ये, हॉस्पिटलला जाता जाता, आणि पुढे अँजिओप्लास्टी ठरलेलीच. फॉरवर्डवाल्याची गाडी इथेच थांबते. पुढे २०१९ ला त्याच 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन, सर्बिया मिळून ५४०१ पेशंटचा मोठा अभ्यास आला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं, हे पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के, न बांधलेल्यांत ८.६. म्हणजे फायदा शून्य.

बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं मात्र खरं आहे. स्टेंटने मोठी नळी उघडते तरी पुढच्या केसासारख्या नळ्या गुठळीच्या कणांनी नि सुजेने तुंबलेल्या राहतात, रक्त पोचत नाही, डॉक्टर त्याला नो-रिफ्लो म्हणतात. त्यावर मशीनं शोधणं चालूच आहे. अमेरिकेत २०१९ ला एका उपचाराला परवानगी मिळाली, त्यात ऑक्सिजनने भरलेलं रक्त थेट हृदयाच्या नळीत तासभर सोडतात, पण तेसुद्धा ठरावीक मोठ्या अटॅकमध्येच, दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत आणि स्टेंट घातल्यानंतर. स्टेंटऐवजी नव्हे!

स्टेंट खपवण्याबद्दल एवढंच, पट्ट्याचे हे अभ्यास हृदयाच्याच डॉक्टरांनी केलेत आणि फायदा नाही हेही त्यांनीच छापलं, लपवलं काय मग? शिवाय आपल्याकडे २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे.

आत्या, मेसेज डिलीट कर आणि पुढे ज्यांना पाठवलास त्यांनाही सांग. छातीत दुखलं तर १०८ लाव, पट्टा कपाटातच राहू दे.