पेशंट सोडून सगळ्यांना माहीत

आपल्याकडे कॅन्सर झाल्याची बातमी पेशंट सोडून सगळ्या भावकीला कळलेली असते. मुलाला, सुनेला, पुण्याच्या जावयाला, समोरच्या बिऱ्हाडालासुद्धा. जिच्या छातीत गाठ आहे तिला मात्र "इन्फेक्शन झालंय, काढलं की संपलं". हा कारभार डॉक्टर आणि नातेवाईक मिळून चालवतात. नातेवाइकांवरही लिहिता येईल, पण आज डॉक्टरांबद्दल.

काकूच्या वेळी मी सोबत असायचे. तपासून झाल्यावर ती पडद्यामागे ब्लाउजची हुकं लावत होती, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "नातेवाईक कोण आहे?" मला आणि चुलतभावाला दाराबाहेर नेऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कॅन्सरच आहे, दुसरी स्टेज, आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशनचा शेक. भाऊ म्हणाला, "तिला सांगू नका, खचेल." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." काकू बाहेर आली आणि आम्ही गप्प झालो. जिने जन्मभर मंडईत गाळा चालवला तिला माणसांचे चेहरे वाचता येत नसतील असं आम्हाला का वाटलं, देव जाणे.

राहिलेली माहिती तिने ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर मिळवली. तिथे डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ मिळतो. तपासायला गाठीत सुई टोचली की कॅन्सर पसरतो. गाठ दुखत नसेल तर साधीच असते. केमो सांगितला म्हणजे आत काहीतरी राहिलंय. तिन्ही चुकीचं. छातीतली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून तर बायका ती अंगावर काढतात. पण लोक अडाणी आहेत म्हणून हे पसरतं, हे मला पटत नाही. सांगायच्या माणसाने सांगितलं नाही की ती जागा रिकामी राहत नाही, एवढंच. सुईची भीती बोलून दाखवली की "कोण सांगतं तुम्हाला असलं?" म्हणून झिडकारणारे डॉक्टर मी पाहिलेत. पेशंट तिथे मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी झाडपाल्यावाल्याकडे जातो.

आमचं घोडं अडलं केमोला. ऑपरेशन चांगलं झालं, काकू घरी आली, आणि केमोचं नाव निघताच म्हणाली, "सगळं काढलंय ना? मग हे कशाला?" आता काय सांगणार? एकदा इन्फेक्शन म्हणून बसलं की पुढचं काही समजावताच येत नाही. इन्फेक्शनला केस गळणारं औषध कोण देतं? आम्ही थापा मारत राहिलो, ती तारीख पुढे ढकलत राहिली. शेवटी वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने खुर्ची ओढली, काकूला समोर बसवलं आणि आधी विचारलं, "तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" काकू ताडकन म्हणाली, "कॅन्सर." मग ती मुलगी म्हणाली, "दिसत होती ती गाठ आम्ही काढली. पण त्याआधीच काही पेशी रक्तातून निसटलेल्या असू शकतात. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. असतीलच असं नाही, पण असल्या तर त्यांच्यासाठी हा केमो." काकू आमच्याकडे बघून म्हणाली, "हे आधी सांगायला काय धाड भरली होती?" पुढचे सगळे केमो तिने न चुकवता घेतले. नंतरची हार्मोनची गोळीही घेते. ती पाच वर्षं का घ्यायची हे कुणी नीट सांगितलं नाही, तर बरं वाटायला लागल्यावर कोण घेईल?

"आपली संस्कृतीच तशी आहे हो" हे पालुपद मला आता ऐकवत नाही. 1961 साली शिकागोच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं, तर 90 टक्के म्हणाले, शक्यतो पेशंटला कॅन्सरचं सांगत नाही. 1979 साली अमेरिकेतच पुन्हा विचारलं, तर 97 टक्के म्हणाले, सांगतो. संस्कृती अठरा वर्षांत बदलत नाही, सवय बदलते.

अर्थात नुसतं सांगूनही भागत नाही. 2012 साली अमेरिकेतलाच एक अभ्यास छापून आला. कॅन्सर शरीरभर पसरलेला, केमो आयुष्य लांबवायला आणि त्रास कमी करायला, बरं करायला नव्हे. पण आपल्या केमोने रोग बरा होण्याची शक्यता नाहीच्या बरोबर आहे, हे फुप्फुसाच्या 69 टक्के आणि आतड्याच्या 81 टक्के पेशंटना उमगलेलंच नव्हतं. त्यात गंमत अशी, की ज्यांना आपले डॉक्टर फार छान बोलतात असं वाटत होतं, त्यांच्यातच हा गैरसमज जास्त होता. गोड बोलणारा डॉक्टर म्हणजे नीट सांगणारा डॉक्टर नव्हे. "आपण पूर्ण प्रयत्न करू" हे वाक्य मी बऱ्याच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. त्यातून घरच्यांनी काय समजायचं?

ओपीडीची गर्दी मला दिसते. एकेका डॉक्टरपुढे जत्रा असते, हे मान्य. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं हा भाग रीतसर आला तोच 2019 पासून, त्यामुळे आजच्या बहुतेक मोठ्या डॉक्टरांना हे कुणी शिकवलंच नाही. तरी एक प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही: "मी आत्ता जे सांगितलं, ते घरी जाऊन कसं सांगाल?" उत्तर ऐकलं की कुठे गोंधळ झालाय ते तिथेच कळतं. आणि नातेवाइकांनी विचारायचं ते सरळ विचारावं: हा उपचार बरं करण्यासाठी आहे की रोग आटोक्यात ठेवण्यासाठी? तेही पेशंटसमोर.

राहिलं ते "खचेल" प्रकरण. माणूस खचतो, रडतो, दोन दिवस जेवत नाही, सगळं खरं. पण ज्याच्या हातात थोडेच महिने आहेत त्याला कामं असतात. सातबाऱ्यावर कुणाचं नाव लावायचं, बँकेत वारस कोण, धाकट्या भावाशी बंद झालेलं बोलणं सुरू करायचं की नाही. ही कामं त्याच्या वतीने आपण करू शकत नाही, आणि त्याला न सांगून ती करायची संधीही काढून घेतो.

माझ्या यादीत डॉक्टर बरेच आहेत. पटत नसेल तर खाली येऊन भांडा, इनबॉक्समध्ये नको.