‘गेम तोच, मग किंमत वेगळी का?’ या फॉरवर्डला उत्तर

भाच्याने पाठवलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. फाइल तीच, मग देशागणिक किंमत वेगळी ही लूट. युरोपने ती बेकायदा ठरवलीय. जगभर एकच किंमत करा, गेम स्वस्त होतील. तोवर व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारं सॉफ्टवेअर) लावून स्वस्त देशातून घ्या. यातलं काहीच टिकत नाही, आणि शेवटच्या सल्ल्याची झळ तर खऱ्या माणसांना बसलीय.

‘फाइल तीच.’ हो, म्हणूनच तर किंमत वेगळी ठेवता येते. गेम बनवायला कोट्यवधी लागतात, पण पुढची प्रत काढायला जवळपास काहीच नाही. पगार कमी तिथे कमी घेतले तरी बनवणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतंच. न परवडणारी किंमत लावली की काय होतं, ते आमच्या पिढीने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर पाहिलंय: पातळ प्लास्टिकच्या पाकिटातली, मार्करने नाव लिहिलेली चोरीची सीडी. बनवणाऱ्याला त्यातला रुपयाही गेला नाही.

‘युरोपने बेकायदा ठरवलं.’ साफ चूक. जानेवारी 2021 मध्ये युरोपीय आयोगाने स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला आणि पाच प्रकाशकांना मिळून 78 लाख युरोंचा दंड केला. पोलंड, हंगेरीसारख्या देशांत घेतलेली गेमची की (तो सुरू करायचा कोड) युरोपातच दुसरीकडे चालू नये म्हणून कुलूप घातलं, त्याबद्दल. वेगळ्या किमतीबद्दल नव्हे.

‘एकच किंमत केली की स्वस्त.’ कोणासाठी? 2020 मध्ये सोनीच्या पीएस5 या गेमिंग कन्सोलबरोबर ‘डेमन्स सोल्स’ हा गेम आला तेव्हा अमेरिकेत 69.99 डॉलर आणि भारतात 4,999 रुपये होता. डॉलर तेव्हा 74 रुपयांच्या आसपास, म्हणजे हिशेब होतो सुमारे 5,180 रुपये. एकच किंमत म्हणजे साधारण हेच. पहिल्या नोकरीतल्या मुलाला हा आकडा कसा लागतो, ते त्यालाच विचारा.

आता व्हीपीएन. अर्जेंटिनाचा पेसो आणि तुर्कस्तानचा लिरा घसरत गेले, तशा तिथल्या किमती जगात तळाला पोचल्या. बाहेरचे लोक व्हीपीएनने खात्यावरचा देश बदलून तिथून गेम उचलू लागले. त्यांना रोखायला काही प्रकाशकांनी तिथले दर चढवले. मग 20 नोव्हेंबर 2023 पासून स्टीमने दोन्ही देशांत स्थानिक चलनच बंद करून डॉलर लावला. कारण दिलं ते चलनाच्या अस्थिरतेचं. ज्या प्रकाशकांनी त्या भागासाठी वेगळा दर भरला नाही, त्यांचे गेम तिथल्या पोरांना थेट अमेरिकी भावाने दिसू लागले. स्वस्तात उचलणारे तोवर दुसरा देश शोधत होते.

तक्रार मात्र खोटी नाही. स्टीमवर किंमत प्रकाशक भरतो. व्हॉल्व्ह फक्त प्रत्येक चलनासाठी सुचवणीचा तक्ता देतं. ऑक्टोबर 2022 च्या तक्त्यानंतर पोलंडचे खेळाडू युरोवाल्यांपेक्षा जास्त मोजावे लागतात म्हणून ओरडत होते, आणि ते बरोबर होते. तेव्हा भारतातला भाव जड वाटला तर त्या गेमच्या प्रकाशकालाच लिहा: रुपयांचा रकाना शेवटचा कधी तपासलात?