सीझन फिनालेचं सुतक कसं पाळावं

मे महिना आला की पुण्यातली शहाणी माणसं आंब्याच्या पेट्या, लग्नाच्या पत्रिका आणि कोकणातलं बुकिंग बघतात. तुम्ही तसलं काही बघू नका. तुम्ही ग्रेज अ‍ॅनाटॉमी या अमेरिकन हॉस्पिटलवाल्या सिरीयलचे फॅन आहात, मे महिन्यात सीझनचा शेवटचा भाग, म्हणजे फिनाले, लागतो आणि तुमच्याकडे कुणीतरी जाणार आहे, तयारीला लागा.

कोण जाणार ते विचारू नका, जाणार एवढं नक्की. 2006 च्या मे मध्ये डेनी नावाचा पेशंट गेला, 2009 ला डॉक्टर जॉर्ज बसखाली आला आणि चेहरा कुणाला ओळखू येईना म्हणून त्याने सिरीयलची नायिका डॉक्टर मेरेडिथच्या हातावर बोटाने आपलं टोपणनाव 007 गिरवून दाखवलं (इथे ज्याला भरून आलं नाही त्याने पुढचं वाचू नये), 2010 ला हॉस्पिटलमध्ये बंदूकवाला घुसला, 2012 ला विमान पडलं, 2013 ला वादळ आलं, 2025 ला स्फोट झाला. आणि एवढ्या वर्षांत सिअ‍ॅटलच्या त्या हॉस्पिटलमधल्या एकाही डॉक्टरच्या डोक्यात आलं नाही की बाबा, एप्रिलअखेर रजा टाकावी, गावाला जावं, जूनमध्ये यावं.

याचं कारण तुम्हाला माहितीच आहे. अमेरिकेत टीव्हीचा प्रेक्षक मोजायचे ठरलेले महिने असतात, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै, त्याला स्वीप्स म्हणतात, त्या आकड्यांवर जाहिरातीचे भाव ठरायचे, म्हणून माणसं मारायचा हंगाम मे. दुसरं कारण अ‍ॅक्टरचं कॉन्ट्रॅक्ट. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय त्याच्या मेंदूत गाठ निघते, ज्याचं रिन्यू झालंय तो विमानातून पडला तरी पुढच्या सीझनला राऊंडवर हजर. हे सगळं माहीत असून ढसाढसा रडणं, याला खरी निष्ठा म्हणतात. माहीत नसताना काय कुणीही रडेल.

आता प्रॅक्टिकल. एपिसोड तिकडे गुरुवारी रात्री लागतो तेव्हा इकडे शुक्रवार उजाडलेला असतो. म्हणजे तुम्ही अजून दात घासताय आणि टेक्सासमधली कुणीतरी बाई इन्स्टावर काळ्या बॅकग्राऊंडवर गेलेल्याचा फोटो आणि पांढरं कबुतर टाकून मोकळी झालीय. त्यामुळे गुरुवारी रात्रीच फोन बंद करून कपाटात ठेवा. त्याआधी लॅपटॉप चार्ज करून घ्या, कारण गुरुवार म्हणजे आपल्याकडे मेंटेनन्सच्या नावाखाली लाईट जायचा वार, आणि दिवसभर लाईट नसल्याने लॅपटॉप अकरा टक्क्यांवर आहे हे नेमकं ऐन ऑपरेशनच्या वेळी कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या सकाळी माझ्याकडे कृपया कुणी येऊ नये' असा मेसेज टाका. कारण देऊ नका. पुण्यात त्याला कारण लागतही नाही.

आईला मात्र कारण द्यावं लागेल, आणि खरं सांगायचं तर आई ही या सगळ्यातली सर्वात मोठी अडचण आहे. ती पोहे घेऊन मागे उभी राहणार आणि विचारणार, हा कोण. तुम्ही म्हणणार आई नंतर सांगतो. ती म्हणणार, हा त्या पलीकडच्या मुलीचा नवरा ना, मग हिच्याबरोबर काय करतोय. आता 2005 पासूनची वंशावळ तुम्ही तिला दोन मिनिटांत कशी सांगणार, निम्म्या लोकांची निम्म्या लोकांशी लग्नं झालीत आणि मोडलीत आणि एकाचं तर निळ्या स्टिकी नोटवर झालंय. वर ती शांतपणे विचारते, "बॉडी दाखवली का? जवळून? नाही ना? मग येतो परत." तुम्ही चिडा. म्हणा की आई ही तुझी साडेसातची सिरीयल नाहीये, इथे रायटिंग वेगळ्या लेव्हलचं असतं. एवढं बोलून झाल्यावर 2020 साल आठवू नका, जेव्हा पाच वर्षांपूर्वी मेलेला न्यूरोसर्जन नवरा डेरेक कोविडने बेशुद्ध पडलेल्या मेरेडिथच्या स्वप्नात समुद्रकिनाऱ्यावर येऊन उभा राहिला. त्याची तर बॉडीसुद्धा दाखवली होती. आईला हे कधीही, म्हणजे कधीही सांगू नका.

मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की उठून उभं राहा आणि ओरडा, "अरे शॉक द्या त्याला!" हे फार महत्त्वाचं. वरच्या मजल्यावर एमडी करणारी मुलगी राहते, ती एकदा म्हणाली होती की रेघ पूर्ण सरळ झालेल्या हृदयाला शॉक देत नाहीत, शॉक लागतो ते हृदय वेडंवाकडं फडफडत असेल तेव्हा, सरळ रेघेला छाती दाबणं आणि अ‍ॅड्रेनलिन. असल्या लोकांना घरात घेऊ नये. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची असते, मोठ्या माणसाची निदान पाच सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि कोपर सरळ ठेवायचं असतं, हेही तिचंच. सिरीयलमध्ये सगळे कोपर वाकवून हळूच दाबतात कारण खाली पडलेला अ‍ॅक्टर जिवंत असतो आणि त्याला संध्याकाळी दुसरं शूटिंग असतं. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी तर 1996 ला टीव्हीवरच्या सीपीआरचा, म्हणजे या छाती दाबण्याचा, चक्क अभ्यास करून न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला, त्यात तेव्हाच्या तीन कार्यक्रमांमधले 75 टक्के पेशंट तिथल्या तिथे उठून बसलेले निघाले. खऱ्या हॉस्पिटलात एवढे कुठले वाचायला. तुम्ही यातून घ्यायचं ते एवढंच की टीव्हीवरचं हॉस्पिटल जास्त चांगलं आहे.

डेनीचा विषय निघाला की मात्र चर्चा गुडलक कॅफेमध्येच करायची. बनमस्का आल्याशिवाय सुरू करायची नाही. विषय तुम्हाला पाठ आहे, पण नव्या पोराला समजावून सांगा: डेनीचं हृदय एका पंपावर चालू होतं, छातीतून बाहेर वायर, आणि त्याच्या प्रेमात पडलेल्या डॉक्टर इझीने ती वायर कापली, का तर तो जास्त सिरीयस झाला की वेटिंग लिस्टमध्ये वर सरकेल आणि हृदय त्याला मिळेल. मिळालं. आणि मग तो रक्ताची गुठळी होऊन गेला, आणि ही गुलाबी ड्रेस घालून त्याच्या शेजारी पडून राहिली. टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडतील. एक म्हणेल प्रेम केलं तर असं करावं. दुसरी म्हणेल अरे पण ज्याचा नंबर होता त्या माणसाचं काय. ही दुसरी पार्टी कायम चहावाली असते, कॉफी पिणारे सगळे इझीकडून. तुम्ही इझीकडून बोला. आपल्याकडे पण पुण्याला विभागीय समिती आहे, झेडटीसीसी, तिच्याकडे अशीच यादी असते आणि तिच्याचप्रमाणे अवयव जातात, सिग्नल थांबवून ग्रीन कॉरिडॉर करून अ‍ॅम्ब्युलन्स पळवतात, अशा बातम्या तुम्ही पेपरात वाचून 'ग्रेट पुणे पोलीस' असं स्टेटसही टाकलेलं आहे. तिथे कुणी वायर कापली तर चालेल का असं चहावाल्याने विचारलं तर म्हणा, तू भावना समजून घे. आणि त्याने तू स्वतः अवयवदानाचा फॉर्म भरलायस का असं विचारलं तर बिल मागवा. त्याला आधार लागतं, ओटीपी येतो, फार वेळ जातो. तेवढ्यात एक एपिसोड होतो.

सुतकाचे दहा दिवस पाळायचे. गोड खायचं नाही, म्हणजे स्वतः आणायचं नाही, कुणी आमरस वाढला तर अन्नाचा अपमान नको. डीपी काळा. ऑफिसात हिंजवडीला कुणी विचारलं काय झालं तर "घरात थोडं... एक जण गेले" एवढंच म्हणायचं, मॅनेजर स्वतःहून वर्क फ्रॉम होम देतो. मात्र त्याने नातं विचारलं तर गडबडून 'न्यूरोसर्जन' म्हणू नका, एकाने म्हटलंय.

चौथ्या पाचव्या दिवशी छातीत जळजळ सुरू होईल. ही फिनालेची जळजळ आहे हे गुगलवर नक्की करून घ्या आणि तडक फॅमिली डॉक्टरांकडे जा. तेच ते, पेठेतले, जिना चढून गेलं की लाकडी बाकडं, भिंतीवर 'मोबाईलवर बोलायचे असल्यास खाली जावे', कंपाऊंडर अजून कागदाच्या पुड्या बांधतो. आत गेल्यावर सिरीयलचं सगळं ज्ञान वापरायचं.

"डॉक्टर, मला वाटतं ट्रोपोनिन करून घ्यावं. आणि एकदा एको. ल्युपस पण रूल आऊट करू."

डॉक्टर चष्म्यावरून बघतात.

"रात्री काय जेवला होतात?"

"तसं काही नाही."

"म्हणजे काय?"

"मिसळ. पण रात्री नाही, अकरा वाजता."

"सकाळी अकरा?"

"...रात्री."

पाठीवर स्टेथोस्कोप, मोठा श्वास, जीभ बघू, एक ईसीजी, तो नॉर्मल. दोन गोळ्या, एक सकाळी उपाशीपोटी. मग ते विचारतात, वडिलांची बीपीची गोळी चालू आहे ना, कुठली घेतात हल्ली? इथे तुम्ही गप्प. मेरेडिथच्या आईला अल्झायमर होता, ती सर्जन होती, तिला दोनदा मिळालेल्या अवॉर्डचं नाव तुम्हाला येतं. बाबांची गोळी पांढरी आहे. छोटी. बहुतेक अर्धी घेतात. डॉक्टर म्हणतात, पट्टीचा फोटो पाठवा मला. तुम्ही हो म्हणा आणि बाहेर पडताना मनात म्हणा की या माणसाला बेडसाइड मॅनर नाही. केस गळालेले, आवाज घोगरा, लिफ्टमध्ये भेटावा असा तर बिलकुल नाही.

हे सुद्धा लक्षात ठेवा की तुमच्या हॉस्पिटलमध्ये बिलिंग काउंटर नाही. एवढे सीझन झाले, विमान पडल्यावर नुकसानभरपाई मिळाली तर वाचलेल्या डॉक्टरांनी ती घालून आख्खं हॉस्पिटल विकत घेतलं आणि गेलेल्या दोघांच्या नावावरून ग्रे स्लोन असं त्याचं बारसं केलं, पण त्या वास्तूत एकही पेशंट टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या, अप्रूव्हलसाठी थांबलेला तुम्ही बघितलाय का? खरं थ्रिलर ते आहे. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात घरी जा, सलाईन काढतात, पेशंट शर्ट घालून पलंगावर पाय सोडून बसतो, मामा रिक्षा बघायला खाली जातो, आणि मग दुपार होते, चार वाजतात, काउंटरवरची मुलगी म्हणते क्वेरी आलीय सर. 2024 ला विमा नियामकाने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या असं परिपत्रक काढलंय, ते मामाने मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलंय आणि काउंटरवर तो ते सगळ्यांना दाखवतो. यावर दोन भागांचा फिनाले सहज होईल. पण त्यात कुणी कुणाला लिफ्टमध्ये मिठी मारत नाही, त्यामुळे तुम्ही तो बघणार नाही, आणि तसंही मागच्या वेळी हे सगळं बहिणीने केलं होतं, तुमचा त्या दिवशी मिड-सीझन फिनाले होता.

दहाव्या दिवशी ओंकारेश्वरावर जायची गरज नाही, एक पोस्ट लिहा. 'मी आजपासून ही सिरीयल सोडत आहे. लेखकांनी आमच्या भावनांशी खेळ केला.' लांब लिहा, मध्ये ही सिरीयल जन्माला घालणाऱ्या शोंडा राइम्सबाईंना उद्देशून एक परिच्छेद मराठीत असू द्या, त्यांना पोचेल. खाली पहिली कमेंट येईल 'वाचलं नाही पण सहमत', दुसरी येईल 'मी तर तिसऱ्या सीझनलाच सोडली', या दुसऱ्या माणसाशी तासभर भांडा, कारण त्याने तिसऱ्याला सोडलीय तर त्याला 2012 च्या विमानाबद्दल बोलायचा अधिकारच नाही. मग जून, जुलै, पालख्या येतील जातील, गणपती येतील, तुम्ही फक्त मन घट्ट करून पहिल्या सीझनपासून परत बघायला घ्या, कारण जुनी बघणं म्हणजे बघणं नव्हे.

नवीन सीझन लागला की पहिल्या दिवशी आवाज बारीक ठेवा. आणि कुणी खोलीत डोकावून विचारलंच की काय रे, तू तर सोडली होतीस ना, तर सांगा की आई बघते, मी आपला कोण कोणाची बायको ते सांगायला बसतो.