लेग गार्डचं प्लास्टिक जाळून काढताय? आधी हे वाचा

सध्या ग्रुपाग्रुपात एक व्हिडिओ फिरतोय. बाईकच्या लेग गार्डवरचं फाटलेलं काळं प्लास्टिक कोटिंग गॅस टॉर्चने जाळून टाका, गंजावर टॉयलेट क्लीनर ओता, कोल्ड्रिंकने धुवा, वरून काळा स्प्रे मारा, पाच वर्षं बघायला नको. आणि शेवटी, साडी गार्ड (मागच्या चाकाशेजारची जाळी) सडला असेल तर काढूनच टाका, तो काय शोभेचाच असतो. लोक खरंच करायला लागलेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, जाळणं. हे जाड, रबरासारखं कोटिंग बहुतेक वेळा पीव्हीसी असतं आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो ओलाव्याला लागला की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, मग तो ओलावा तुमच्या डोळ्यातला असो, घशातला असो नाहीतर त्याच पाईपवरचा. धुरात डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही असू शकतात. आणि हे लोक बाल्कनीत करतायत, घरात लहान पोरं असताना! प्लीज नका करू. गरजच नाहीये त्याची, पीव्हीसी ८०-९० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, त्यामुळे कटरने पाईपच्या लांबीने चीर द्यायची, उकळतं पाणी सांभाळून ओतायचं किंवा हॉट एअर गन कमीवर ठेवून फिरवायची आणि हातमोजे घालून साल ओढल्यासारखं सोलायचं. वळणावर, खालच्या बाजूला चीर दिली की कित्येकदा आतून तपकिरी पाणी गळतं, तिथेच सगळा घोळ असतो, बारीकशा भेगेतून पाणी आत शिरतं आणि वाळायला वाटच नसते, वरून कोटिंग धड दिसतं आणि खाली गंज इंच इंच पुढे सरकत असतो. (पातळ पावडर कोटिंग असेल तर ते असं सोलून निघत नाही, त्याला पेंट रिमूव्हर लावा नाहीतर पावडर कोटिंगवाल्याकडे सँड ब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून घ्या.)

टॉयलेट क्लीनरने गंज जातो हे खरं आहे, नाही म्हणत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. पण गंजाच्या बारीक खड्ड्यांत क्लोराइड मागे राहतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि काही तासांतच लोखंड परत नारिंगी पडतं, हे तुम्ही रंगाखाली बंद केलं की पुढच्या पावसाळ्यात फोड येणारच. नट-बोल्टवर ओतलंत तर त्यांचं झिंक प्लेटिंग फसफसून निघून जातं, म्हणजे जे गंजापासून वाचवत होतं तेच गेलं. आणि ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं पण अगदी थोडं, आणि साखर चिकटून राहते ती वेगळीच. क्रोमवर हलका गंज असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा साध्या पाण्यात बुडवून घासा, तेवढ्यानेच निघतो. काळ्या पाईपवरच्या गंजाला मात्र वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, याला शॉर्टकट नाही. सुटणारी पापडी निघाली की खड्ड्यांत उरलेल्या पातळ थरावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर करणारं द्रावण) लावा, टॅनिक अ‍ॅसिडवाला असेल तर जागा काळी पडते, ते बरोबर आहे, घाबरू नका. पापडीवरच लावलात तर पैसे पाण्यात.

आता ‘वरून स्प्रे’. प्रायमरशिवाय, म्हणजे रंगाखालच्या अस्तराशिवाय, कशाला? धूळ झटकून थिनरच्या फडक्याने पुसा, हाताचा तेलकटपणा राहता कामा नये, मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, नाहीतर निदान रेड ऑक्साइड प्रायमर, तो वाळला की स्प्रेचे पातळ तीन-चार हात, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढं थांबून. एकाच जाड हातात ओघळ येतात आणि आतलं थिनर अडकून पडतं. कोकणात राहत असाल तर जुलैत हे काम काढूच नका, हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की लोखंडावर न दिसणारी ओल बसते.

पाच वर्षांची गॅरंटी तर कुणीच देऊ शकत नाही, कारण हा पाईप पोकळ असतो आणि आतूनही गंजतो. रंगाला पैसे घालण्याआधी क्लॅम्पच्या शेजारी आणि सगळ्यात खालच्या वळणावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात दाबून बघा. रुतलं तर भंगारात द्या, गाडी आडवी पडली तर तो पाईप तुमचा पाय वाचवणार नाही. घट्ट असेल तर खालचं पाणी जायचं भोक प्रायमरने बुजलं नाही ना तेवढं तपासा.

आणि साडी गार्ड शोभेचा नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ मध्येच आहे की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला पाहिजे. रंगाला काढलाय तोवर पदर किंवा ओढणी घेतलेल्या कुणालाही मागे बसवू नका, आणि सडलाच असेल तर नवीन बसवूनच गाडी बाहेर काढा.