‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी लिहिलेलं नाही, बाबांनो

आमच्या कणकवलीच्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी ‘मालवणी नटसम्राट’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर जसाच्या तसा पाठ केला, म्हणून हे लिहावं लागतंय. एरवी अशा फॉरवर्डला कोण विचारतो? तो ग्रुपवर टाकणाऱ्या आत्याला हटकलं, तर म्हणे, "अरे, सगळ्यांनी धाडल्यानी, म्हणजे खराच आसतला मां!"

मजकुराचा दावा असा: मालवणी नट मच्छिंद्र कांबळींनी ‘वस्त्रहरण’ हे नाटक स्वतः रचलं, संहिता नव्हतीच, तोंडाला येईल ते बोलायचे, शिव्यांवर नाटक चाललं, आणि पु.लं.नी पाठीवर हात ठेवला म्हणून नशीब उघडलं.

पहिलं वाक्यच संतापजनक आहे, कारण त्यात लेखकच गायब. ‘वस्त्रहरण’ गंगाराम गवाणकरांचं. राजापूर तालुक्यातल्या माडबनचे ते (हो, तेच अणुप्रकल्पवालं माडबन). ‘आज काय नाटक होवचा नाय’ हे या नाटकाचं आधीचं रूप. सगळी कहाणी गवाणकरांनी ‘व्हाया वस्त्रहरण’ या पुस्तकात लिहून ठेवलीय. वाचनालयात मागितलं तर मिळेल, पण त्याला फॉरवर्डचं बटण नाही ना! २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं, ते काय त्यात तात्या सरपंच झालेल्या कांबळींची पिशवी धरली म्हणून?

आणि म्हणे संहिता नव्हती! गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ लावतात आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळत जातो, हे नाटक. चुकलेली एंट्री नेमकी वेळेवर चुकावी लागते, अडखळणारा ठरल्या शब्दावरच अडखळावा लागतो. हे कागदावर नसताना पाच हजारांवर प्रयोग होतात? कांबळी तात्या सरपंचात पदरची भर घालायचे, हे मान्य. घालायचेच, आणि हशाही वसूल करायचे. पण फोडणी देऊक आधी टोपात डाळ व्हयी!

पु.लं.चं अर्धं खरं आहे. १९८० साली नाटक आलं तेव्हा सुरुवातीला रखडत होतं. त्यांचं कौतुकाचं पत्र जाहिरातीत छापलं गेलं आणि लोक वळले. पत्राने माणूस एकदा थिएटरात येतो. पुन्हा पुन्हा कशाला येईल?

शिव्यांबद्दल फार बोलत नाही. मुंबईच्या नाटकांत मालवणी बहुधा गड्याच्या तोंडी असायची, इथे ती सरपंचाच्या तोंडी आली. ते दिसलं नाही, शिव्या तेवढ्या ऐकू आल्या.

मालवणजवळच्या रेवंडीच्या कांबळींचं कौतुक करायचं तर निर्माता म्हणूनही करा. ‘भद्रकाली’ ही नाट्यसंस्था काढून त्यांनी मालवणी नाटकं धंद्यात उभी केली. आणि गाजलेल्या मालवणी नाटकांतली ‘वात्रट मेले’ घ्या, ‘वन रूम किचन’ घ्या. त्यांचेही लेखक गवाणकरच. फॉरवर्डवाल्यांनी ती दोन अजून कांबळींच्या खात्यावर टाकलेली नाहीत, एवढंच.