अर्थ सांगितला, पण ते कोणाला म्हणायचे हे कोणी सांगायचे?

आज भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडलेले इंग्रजी व्याकरणाचे एक मार्गदर्शक पुस्तक सहज चाळले आणि दुपारपासून माझे डोके शांत झालेले नाही. भाची लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची तयारी करते आहे. मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजी वाक्प्रचारांचा उपयोग आणि त्यांचा अर्थ असे दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहे. पुस्तकात मात्र पानेच्या पाने दोन रकाने आहेत: डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. के या अक्षराखाली ‘किक द बकेट’ आणि त्यासमोर ‘मरण पावणे, मृत्यू होणे’. लगेच खालच्या ओळीत ‘किल टू बर्ड्‌स विथ वन स्टोन’. भाचीने दोन्हींवर सारख्याच पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली होती.

ती पिवळी रेघ पाहून मला माझा धाकटा मावसभाऊ आठवला.

तो परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेत शिकला, पुढे अभियांत्रिकीला गेला आणि पुण्यात एका कंपनीत लागला. इंग्रजी बोलायला कमी पडू नये म्हणून त्याने अशाच एका पुस्तकातले वाक्प्रचार मन लावून पाठ केले होते. नोकरी लागल्यानंतर काही महिन्यांतच त्याच्या वरिष्ठांचे वडील वारले. हा हळवा मुलगा. त्याला खरोखर वाईट वाटले. साधे ‘डाय’ हे क्रियापद त्याला कोरडे वाटले, म्हणून त्याने आपल्या जवळची चांगली भाषा काढली आणि ‘तुमच्या वडिलांनी बकेट किक केल्याचे ऐकून अतिशय दुःख झाले’ अशा अर्थाचे इंग्रजी पत्र सगळ्या चमूला दिसेल असे पाठवले.

पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखले असेल. कोणीतरी त्या पत्राचा फोटो काढला, तो एका गटातून दुसऱ्या गटात फिरला, आणि कित्येक महिने त्या मजल्यावर त्याला ‘बकेट’ याच नावाने हाक मारली जात होती.

आता मला सांगा, चूक कोणाची? पुस्तकाने जो अर्थ दिला तो खोटा नव्हता. त्या वाक्प्रचाराचा अर्थ मरणे हाच आहे. पण तो हलक्याफुलक्या, बेफिकीर बोलण्यातला आहे आणि पहिल्यापासून तसाच आहे. फ्रान्सिस ग्रोस यांनी 1785 साली लंडनच्या रस्त्यावरच्या, दारूच्या गुत्त्यांतल्या आणि चोरांच्या बोलीचा जो कोश छापला, त्यात हा वाक्प्रचार नोंदवलेला आहे. म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच इंग्रजांना त्याची जागा कोणती ते पक्के ठाऊक होते. आमच्या मार्गदर्शक पुस्तकांनी ती जागा पुसून टाकली आणि नुसता अर्थ उचलून मुलांच्या हाती दिला.

मराठीत आपण हे कधीच होऊ देत नाही. वर्तमानपत्रात निधन होते, पत्रिकेत देवाज्ञा होते, घरातले माणूस जाते किंवा वारते. पारावरच्या गप्पांत कोणी गचकतो, कोणी खपतो, तर कोणी ढगात जातो. ‘आपल्या तीर्थरूपांनी राम म्हटल्याचे कळले’ असे सांत्वनाच्या पत्रात कोणी लिहीत नाही, आणि हे आपल्याला कोणत्याही बाईंनी फळ्यावर लिहून शिकवलेले नसते. आजी शेजारणीशी काय बोलली, वडील दारात आलेल्या माणसाशी काय बोलले, दहाव्याला घाटावर उभे असताना मोठी माणसे कोणत्या स्वरात बोलत होती, हे ऐकत ऐकत ते आपल्या कानात बसलेले असते. शिवाय शाळेत ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवलेला आहे. तेव्हा तो कंटाळवाणा वाटायचा, पण त्यातला दुसरा अर्धा भाग किती मोलाचा होता ते मला आज कळते आहे.

माझ्या मावसभावाच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणीच नव्हते. जे काम मराठीसाठी घराने आणि गावाने केले, ते इंग्रजीसाठी त्या पुस्तकाला एकट्याने करायचे होते. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, ज्याचे वडील फोनवर इंग्रजीत बोलतात, त्याला असल्या पुस्तकाची फारशी गरज नसते. ज्याला गरज असते त्यालाच ते पुस्तक अर्धे शिकवून रस्त्यात सोडून देते, आणि ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

बरे, जागा नव्हती म्हणावे तर तसेही नाही. त्याच पुस्तकात पानाच्या कोपऱ्यात ‘रंजक माहिती’ म्हणून चौकट आहे. मुसळधार पावसाला इंग्रजीत मांजरे आणि कुत्री पडतात असे का म्हणतात, तर म्हणे पूर्वी गवताने शाकारलेल्या छपरांवर कुत्री-मांजरे झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. ही कथा 1999 च्या सुमारास ईमेलवरून जगभर फिरली. तिला कसलाही आधार नाही, आणि त्या वाक्प्रचाराचे खरे मूळ आजही निश्चित झालेले नाही. निश्चित आहे ते एवढेच, की जोनाथन स्विफ्ट यांनी 1738 साली उच्चभ्रूंच्या गुळगुळीत झालेल्या संभाषणाची थट्टा करण्यासाठी जे पुस्तक लिहिले, त्यातही तो आहे. म्हणजे तेव्हाच तो वापरून झिजलेला होता, आणि आमची मुले आज मुलाखतीत छाप पाडण्यासाठी तो घोकत आहेत. आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी पावसासाठी तो क्वचितच येतो. तो सरळ ‘पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. खोट्या कथेला चौकट मिळते, पण ‘हा शब्दप्रयोग शोकप्रसंगी वापरू नये’ या एका ओळीला मिळत नाही.

परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि तिथे पाठांतराचे गुण मिळतात, हे मला मान्य करावे लागते. शिकवणी वर्गातल्या शिक्षकांवरही मला सरसकट राग काढायचा नाही. शंभर मुलांच्या खोलीत माईकवरून शिकवणारा माणूस वेळेत अभ्यासक्रम संपवण्याच्या धडपडीत असतो. त्यातले कित्येक जण स्वतः अशाच खेड्यांतून आलेले आहेत, आणि त्यांनाही हे कोणी शिकवलेले नव्हते.

पण जे हसले त्यांच्याबद्दल माझ्या मनात अशी कोणतीही नरमाई नाही. ती सगळी शहरात, इंग्रजी शाळांत शिकलेली मुले होती. आपल्या घराने फुकट दिलेले देणे त्यांनी स्वतःची हुशारी समजली. त्यांच्यापैकी कितीजणांना तेराव्याचे चार ओळींचे निमंत्रण मराठीत धड लिहिता आले असते? आणि नसते आले, तर त्यासाठी त्यांना कोणी टोपणनाव ठेवले असते का? माझा मावसभाऊ त्यानंतर बैठकांत बोलायचा बंद झाला. पुढे त्याने ग्राहकांशी बोलावे लागणार नाही असे काम मागून घेतले, आणि ज्या कामात तो खरा पुढे गेला असता ते त्याने सोडून दिले. एका वाक्प्रचाराने हे झाले असे मी म्हणणार नाही, हे त्या हसण्याने झाले.

ज्यांचे वडील गेले होते, त्या वरिष्ठांनी मात्र त्याच संध्याकाळी त्याला दोन ओळींचे उत्तर पाठवले होते. मनापासून लिहिल्याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले, आणि त्या शब्दाचा उल्लेख तेव्हाही केला नाही आणि नंतरही कधी केला नाही. हे लिहिताना मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आदर वाटतो आहे.

काही मित्र म्हणतील की भाषा आता आपलीही आहे, आपण आपल्या पद्धतीने वापरू. तेही खरे आहे. ‘डू द नीडफुल’ हे इंग्लंडमध्ये जुने होऊन मागे पडले तरी आपल्या कार्यालयांत ते सन्मानाने नांदते आहे, आणि मला त्यात काहीही वावगे वाटत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याचा सूर एकच धरतात. तो सूर जुळला नाही की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही फसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत एक कागद ‘टेबल’ करण्यावरून मोठा वाद झाला, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. ब्रिटिशांच्या लेखी ‘टेबल’ करणे म्हणजे तातडीने चर्चेला घेणे आणि अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे एकच असूनही ते भांडत राहिले. पुण्यातून अमेरिकेतल्या ग्राहकाशी रोज बोलणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक पहिल्या दिवशी सांगायला हवा, कारण आपल्या विधिमंडळात कागदपत्रे पटलावर ठेवतात ती ब्रिटिश अर्थानेच.

माझ्या मित्रयादीत इंग्रजी शिकवणारे, भाषांतर करणारे आणि परदेशात राहून रोज ती भाषा ऐकणारे पुष्कळ जण आहेत. मी भाचीच्या वहीत तिसरा रकाना आखला आहे: हे कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, आणि कुठे अजिबात म्हणू नये. ‘किक द बकेट’ पुढे मी लिहिले आहे: फक्त मित्रांत, थट्टेच्या सुरात, मृताच्या नातेवाइकांसमोर कधीही नाही, तिथे ‘पास्ड अवे’ म्हणावे. ‘ब्रेक अ लेग’ पुढे लिहिले आहे: रंगमंचावर जाणाऱ्या नटाला शुभेच्छा म्हणून, शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला नाही. तुम्हाला पक्के माहीत असलेले वाक्प्रचार याच पद्धतीने खाली लिहा. मी ते सगळे टंकून एकत्र करीन, आणि ज्यांची मुले परीक्षेला किंवा पहिल्या नोकरीला निघाली आहेत त्यांना पाठवीन.